घरच्यासारखे आणि हॉटेलसारखे

रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर पनीर बटर मसाल्याचा काचेचा वाडगा, शेजारी जिरा राईस, कांद्याच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी. पाहुणे पहिला घास घेतात आणि मान डोलावून म्हणतात, "वहिनी, अगदी हॉटेलसारखं झालंय हो!" वहिनींचा चेहरा उजळतो. सकाळपासून ओट्यापाशी उभे राहिल्याचे सार्थक होते. हेच पाहुणे तीन दिवसांनी कामानिमित्त परगावी जातात, एस.टी. स्थानकाजवळच्या एखाद्या खाणावळीत बाकावर बसतात, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावतात आणि गल्ल्यावरच्या मालकाला सांगतात, "वा! अगदी घरच्यासारखं आहे." मालकाचाही चेहरा उजळतो.

घराने हॉटेलसारखे व्हावे आणि हॉटेलने घरासारखे, अशी ही मोठी गमतीची अदलाबदल आहे. दोन्ही पावत्या दिलखुलासपणे दिल्या जातात आणि तितक्याच आनंदाने घेतल्या जातात. तरीही खाणावळवाल्याला मिळालेली पावती अस्सल म्हणावी लागेल आणि वहिनींना मिळालेली थोडी पारखून घ्यावी लागेल. कारण सोमवारपासून शनिवारपर्यंत त्याच ओट्यावर जे शिजते, त्याच्या वाट्याला असे शब्द कधी येत नाहीत. मराठी घरात रोजच्या स्वयंपाकाला मिळणारी सर्वोच्च पदवी म्हणजे मौन. मीठ कमी पडले तर बोलायचे, भाजी करपली तर बोलायचे. सारे जमून आले असेल तर मुकाट्याने दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचा. जाणकार गृहिणी या दुसऱ्या भातावरूनच आपली परीक्षा झाली असे समजते.

हॉटेलसारखी चव म्हणजे नेमके काय, हे एकदा पाहायला हरकत नाही. मध्यम प्रतीच्या कोणत्याही हॉटेलच्या स्वयंपाकघरात सकाळीच दोन-तीन मोठी पातेली चढतात. एकात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात काजू आणि मगजबियांची पांढरी, तिसऱ्यात लोणी घातलेली मखनी. मेनूकार्डावरच्या अर्ध्याशतकी नावांचा संसार या पातेल्यांवर चालतो. गिऱ्हाइकाने मागितलेला पदार्थ दहा मिनिटांत टेबलावर येतो, तो त्या पूर्वतयारीच्या बळावर. कढईखाली जाळ मोठा, तेल सढळ, वरून साय आणि चुरगाळलेली कसुरी मेथी. एखाद्या चौकस गिऱ्हाइकाने दोन भाज्यांतला फरक विचारला, तर वेटर क्षणभर विचारात पडतो आणि सांगतो, "साहेब, ती लाल येते, ही पिवळी येते." या उत्तराहून अधिक प्रामाणिक उत्तर देता येणे कठीण आहे.

घरी हाच पदार्थ करायचा म्हणजे ती तिन्ही पातेली एका भाजीसाठी चढवायची. काजू भिजवायचे, टोमॅटो उकडून गाळायचे, कांदा परतून वाटायचा, मिक्सर दोनदा धुवायचा. शिवाय नान हवेच. तंदूरच्या भट्टीचे तापमान चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि घरगुती ओव्हनची धाव साधारण अडीचशेपर्यंत. मग नानच्या एका बाजूला पाणी लावून तो लोखंडी तव्याला चिकटवायचा आणि तवाच उलटा करून ज्योतीवर धरायचा, हा उपाय निघतो. तो जमतोही. पहिला नान तव्यावरून निसटून शेगडीवर पडतो, दुसरा एका कडेने कोळसा होतो, तिसऱ्याला टाळ्या मिळतात. या खटाटोपात गृहस्थ तवा धरण्याचे काम करतात आणि पुढचे पंधरा दिवस "आमच्याकडे नान मी करतो" असे सांगत फिरतात. वाटणाची भांडी कोणी घासली, हा प्रश्न त्या कथेत येत नाही.

गंमत अशी की, ज्याला हॉटेलचे म्हणून एवढा मान आहे, ते मुळात कोणाच्या तरी घरचे किंवा गल्लीतलेच होते. पंजाबात 'सांझा चूल्हा' असे. मोहल्ल्याचा मिळून एक तंदूर, आणि बायका आपापल्या परातीतले मळलेले पीठ घेऊन तेथे रोट्या भाजायला जमत. १९४७ च्या फाळणीत पेशावर सोडून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी दिल्लीच्या दर्यागंजात 'मोती महल' चालवले आणि तंदूरच्या खाण्याला राजधानीत प्रतिष्ठा मिळाली. आज बटर चिकनचे मूल्य एवढे वाढले आहे की त्याचा आणि दाल मखनीचा जनक कोण, या प्रश्नावरून २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. वरणभाताच्या जनकत्वासाठी आजवर कोणी न्यायालयाची पायरी चढलेले नाही. मेतकूट-भाताचा शोध आमच्या आजीने लावला, असे प्रतिज्ञापत्र कोणत्याही नातवाने दिलेले नाही. ज्याचे कोणी पैसे मोजत नाही, त्याच्या मालकीसाठी भांडणार तरी कोण?

पैसे मोजून घरच्यासारखे जेवण्याची सोय मात्र सगळ्या देशात आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात 'घरगुती जेवण मिळेल' ही पाटी वळणावळणावर दिसते. बदलीने कोलकात्याला गेलेल्या मराठी माणसाला 'पाइस हॉटेल' सापडते. एका पैशात जेवण या जुन्या काळापासून हे नाव चालत आले. तेथे डाळ, भाजा, माशाचा झोल यांचा हिशेब वेगवेगळा होतो, आणि काही ठिकाणी केळीच्या पानाचेही पैसे निराळे लावतात. हिशेबाच्या माणसाला ती पद्धत मनापासून आवडते. चेन्नई-मदुराईकडे 'मेस' असते. पानावर भात, सांबार, रसम आणि शेवटी ताक, आणि वाढप्याचा हात थांबवायला पानावर हात आडवा धरण्याची कला आठवड्याभरात आत्मसात करावी लागते. हे सारे जेवण उत्तम असते. ते खरोखरच घरचे असते, फक्त दुसऱ्यांच्या घरचे. चौथ्या दिवशी या गृहस्थांना पोळीची आठवण येते.

पोळी हा या प्रकरणातला कळीचा पदार्थ आहे. तंदुरी रोटी हाताने थापून भट्टीच्या भिंतीला लावली की झाले. एकाच वेळी अनेक रोट्या भाजतात. घडीची पोळी मात्र तेल लावून दुमडायची, कडा सांभाळत लाटायची, एकेक करून तव्यावर टाकायची, फुगली की उतरवून तूप लावायचे. तिला गर्दी चालत नाही आणि वाट पाहणेही फारसे सोसत नाही. म्हणून पदार्थांची लांबलचक यादी मिरवणाऱ्या कितीतरी हॉटेलांत पोळी मिळत नाही. मिळते ती रोटी, आणि फार आग्रह केला तर चपाती. जे सर्वांत साधे समजले जाते, तेच बाजाराला सर्वांत अवघड जाते.

याच जातीचे आणखी पुष्कळ काही घरात असते. रात्री उरलेल्या पोळ्यांचा सकाळी चुरा करून, कांदा-मिरची-शेंगदाण्यांबरोबर परतलेली फोडणीची पोळी. तिच्यासाठी पोळी आदल्या दिवशीचीच लागते आणि ताज्या पोळीचा चुरा काही तसा लागत नाही. पिठल्याच्या कढईच्या तळाला धरलेली खरवड, जिच्यावरून भावंडांत तह आणि युद्धे होतात. तापातून उठलेल्याला दिलेला मऊ भात, त्यावर तूप, मीठ आणि लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार. कोणत्याही मेनूकार्डावर खरवड छापता येणार नाही, कारण ती ठरवून होत नाही. मऊ भातही विकता येणार नाही, कारण ताप कोणाला आला आहे हे हॉटेलच्या मुदपाकखान्याला कळत नाही. घरच्या स्वयंपाकघराला ते कळते. थोरल्याला वांगे चालत नाही, धाकटीला कढीत आले नको, आजोबांच्या वाटीतली आमटी तिखट घालण्यापूर्वीच काढून ठेवायची, ही सारी माहिती तेथे कोणत्याही नोंदवहीशिवाय रोज अद्ययावत असते.

या माहितीची आणि या हातांची किंमत बाहेरच्या जगाने अधूनमधून केली आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया आपल्या खोलीतल्या चुलीवरच कितीतरी जणांचा स्वयंपाक करीत. पैसे पगाराला मिळत, किराणा मात्र रोज लागे. मध्ये सावकार बसलेला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले. तारण म्हणून दाखवायला त्यांच्याकडे हाताची चव आणि एकमेकींचा भरवसा यापलीकडे फारसे काही नव्हते. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यांतून 'लिज्जत' उभे राहिले. पापड त्या घरी लाटतच होत्या. उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्याच पापडाला भाव आला.

उंबऱ्याच्या आत मात्र हिशेब वेगळा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या पाहणीत असे दिसले की, घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७. तीही मुळात अशी कामे करणाऱ्या पुरुषांची. या ९७ मिनिटांतली किती "साखरेचा डबा कुठं आहे?" असे विचारण्यात जातात, याची स्वतंत्र नोंद पाहणीत नाही.

म्हणूनच बाहेर जेवायला जाण्याविरुद्ध तक्रार करण्याचे काही कारण नाही. उलट, जी रोज वाढते तिला कोणीतरी गरम गरम वाढावे, यासाठी हॉटेलाइतकी चांगली संस्था नाही. अडचण तेथे गेल्यावर सुरू होते. मेनूकार्ड हाती आले की पुष्कळ गृहिणी ते उजवीकडून वाचतात, म्हणजे आधी दर, मग पदार्थ. "एवढ्या पैशांत घरी सगळ्यांचं झालं असतं" हे वाक्य ओठांवर येते आणि मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून परत जाते. मुले ठरवतात, गृहस्थ मागवतात, आणि ती "मला काहीही चालेल" असे म्हणते. वास्तविक हॉटेल कोणते आणि पदार्थ कोणता, हे ठरवण्याचा पहिला मान स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा असायला हवा. तिने घरी न जमणारेच मागवावे. कागदासारखा पातळ, हातभर लांब डोसा घरच्या तव्यावर होत नाही; त्यासाठी हॉटेलचा लांबरुंद तवाच हवा. मिसळीची तर्रीही गर्दीतच अधिक खुलते.

बिल चुकवण्याचा प्रसंगही आता पूर्वीसारखा रंगत नाही. एके काळी दोन कुटुंबे जेवायला गेली की गल्ल्यापाशी पाकिटांची झटापट होई, "आज मीच", "छे छे, मागच्या वेळी तुम्ही", आणि मालक दोघांच्या नोटांकडे तटस्थपणे पाहत राही. आता बडीशेप येण्यापूर्वीच एक जण बसल्या जागी यूपीआयने पैसे भरून मोकळा होतो आणि दुसऱ्याला लढण्याची संधीही मिळत नाही. बिल नीट वाचण्याची सवय मात्र सोडू नये. हॉटेलांनी सेवाशुल्क सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. सेवेबद्दल खुशीने काही द्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. असो.

मूळ मुद्दा स्तुतीचा होता, आणि त्यात हसण्यावारी न्यावे इतकेच काही नाही. वडोदऱ्यात तीन पिढ्या स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातली गोष्ट आहे. आई गेली. वर्षभराने चौघे भावंडे घर आवरायला जमली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळात तिची पाककृतींची वही सापडली. जाड पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. सर्वांनी ती अधाशीपणे उघडली. आत बिनअंड्याचा केक होता, व्हेज मंच्युरियन होते, वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेले तीन प्रकारचे कोफ्ते होते, आणि 'मुलांना आवडले' असा शेरा मारलेली पावभाजी होती. ज्या आमटीवर चौघे वाढले होते, तिच्याबद्दल वहीत एक ओळही नव्हती. तिने ती कशाला लिहावी? ती तर रोजच होत होती, आणि कोणी तिच्याविषयी कधी काही विचारले नव्हते.

मग आठवणीने आमटी करायचे ठरले. थोरला म्हणाला, आई चिंच घालायची. मधली म्हणाली, अजिबात नाही, आमसूल. गूळ आधी की शेवटी, गोडा मसाला फोडणीत की उकळी आल्यावर, यावरून वाद झाला. छापील पुस्तकांचा आधार घेऊन पाहिला. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याची प्रमाणे देऊन कितीतरी नवशिक्या घरांना सावरले आहे, पण त्या पुस्तकातली आमटी कमलाबाईंची असणार. या घरातली नव्हे. तिन्ही दिवस आमटी चांगली झाली आणि तिन्ही दिवस ती आईची झाली नाही.

तिढा सुटला तो शेजारच्या गुजराती काकूंमुळे. त्यांना ती आमटी परकी होती, म्हणून तीस वर्षांपूर्वी त्यांनी ती मुद्दाम विचारून घेतली होती. त्यांच्या वहीत गुजराती लिपीत 'मराठी दाळ' असे शीर्षक होते आणि खाली सात ओळी. चिंच, घरात चिंच नसेल तर आमसूल. गूळ सर्वांत शेवटी, ताटे घेण्यापूर्वी. फोडणीत मेथीचे चार दाणे, चारच. त्या मेथीच्या दाण्यांचा चौघांपैकी कोणालाही पत्ता नव्हता. थोरला आणि मधली दोघेही बरोबर निघाले, हे पाहून धाकटा हसू लागला आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

दूरच्या शहरांत नोकरीला असलेली मुले आता व्हिडिओ कॉल लावून आईला पदार्थ विचारतात, ही चांगली गोष्ट आहे. तिखट किती, तर "रंग येईपर्यंत". पाणी किती, तर "लागेल तेवढं". परतायचे किती, तर "वास सुटेपर्यंत", आणि वास काही मोबाईलवर येत नाही. तरी विचारत राहिले की हळूहळू प्रमाणे हाती लागतात. फक्त विचारायचे ते रोजच्या पदार्थाविषयी. मंच्युरियन कोठेही सापडेल.

त्यासाठी सुट्टीची वाट पाहण्याचेही कारण नाही. एखाद्या मंगळवारी रात्री, साध्या वरणभात-भाजी-पोळीच्या जेवणात, हातातली वाटी जरा वर करून विचारता येते, "आज आमटीत काय घातलं आहेस?" पहिल्या वेळी उत्तर सरळ मिळेलच असे नाही. हातातला डाव थांबतो, नजर वाटीकडून चेहऱ्याकडे जाते आणि काळजीच्या स्वरात उलट प्रश्न येतो, "का? बिघडली का काही?"